देवमाशाचा क्लच

शनिवार, १५ नोव्हेंबर. काम : गुरुजींच्या गाडीचा क्लचचा ब्रॅकेट. तिसऱ्यांदा.

दुकानाचं शटर अर्धंही वर गेलं नव्हतं तोच फोन वाजला. "सुनंदे, देवमासा बसला," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचं सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं, त्यामुळे समोरच्याला काही विचारायचं असू शकतं हे त्यांच्या लक्षात येत नाही. मला तरी काय विचारायचं होतं? काय तुटलं असणार ते मला फोन वाजतानाच कळलं होतं.

नाताळ अंकाच्या संपादकांनी 'कामातले अनुभव लिहा, प्रेरणादायी असावेत' असं सांगितलं आहे. प्रेरणादायी माझ्याकडे काही नाही. हा एक ब्रॅकेट आहे, तो सांगते.

तिसगावात रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं आणि गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. काढलं नवऱ्याने. त्याला दुकानात बसवत नव्हतं आणि मला घरात. तो ट्रकवर गेला, मी दुकानात आले. तेव्हापासून दोघांचंही बरं चाललं आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की अजूनही माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठाय?" पूर्वी मी भांडायचे. आता म्हणते, "जेवायला गेलाय, तोवर मी बघते." काम करून देते. जाताना ते म्हणतात, "मिस्त्री आला न्हाई वाटतं अजून. लांब जेवतो व्हय?"

दसऱ्याच्या आधीचे दिवस माझे सुगीचे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या ट्रॉल्या, हूक, तुटलेल्या साखळ्या, सगळं एकदम येतं आणि सगळ्यांना काल हवं असतं. दिवाळीनंतर तोडीवाले गेले की अर्धं गाव रिकामं होतं आणि माझं दुकानही. मग येतात ती विचित्र कामं. एकदा जामखेडकडचा एक दूधवाला आला. त्याची मोटरसायकल डावीकडे ओढत होती. मी चाक काढलं, फोर्क बघितला, चेसिसला दोरी लावून बघितली. गाडी सुतात सरळ. शेवटी त्याला म्हटलं, चालवून दाखवा. तो बसला तो उजवीकडे कलूनच. वर्षानुवर्षं एकाच बाजूला किटली लावून चालवायची सवय. आता किटली नसली तरी माणूस तसाच कलत होता आणि गाडी बिचारी तोल सांभाळत होती. तेव्हापासून मी नियम केला, आधी माणूस बघायचा, मग गाडी.

गुरुजींच्या बाबतीत मात्र हा नियम मी दोनदा पाळला नाही. कारण सोपं आहे. तिसरी-चौथीला ते मला शिकवायला होते, आणि त्यांच्याकडे नीट निरखून बघायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही.

आता देवमासा. ही अमेरिकन बनावटीची जुनी मोटार आहे, पण स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, रंग राखाडी, होडीएवढी लांब, पुढे बसायला सलग बाक. गुरुजींचे वडील मिशनच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टर मायदेशी परतताना गाडी त्यांना देऊन गेले. वडिलांनी ती सांभाळली, मग गुरुजींनी. आत बसलं की बायबलातल्या योनासारखं माशाच्या पोटात बसल्यागत वाटतं, म्हणून गुरुजी राहतात त्या वाडीने तिला देवमासा नाव दिलं. दवाखाना, आठवडी बाजार आणि रविवारचं चर्च, गुरुजी आणि त्यांची बायको मार्थाकाकू यांचं सगळं येणंजाणं तिच्यातूनच. वाडीला एस.टी. येत नाही आणि गुरुजींना दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसणं कमीपणाचं वाटतं.

वर्षातून एकदा देवमाशाचा मान असतो. हंगामाच्या सणाला पहिल्या पिकातलं काहीतरी प्रत्येक घरातून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेतात. बाजरीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, अंडी, जिवंत कोंबडा. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि लोक शेजाऱ्याच्याच वांग्यांवर ईर्ष्येने बोली लावतात. सगळ्या वाडीचा माल चर्चला न्यायचा तो देवमाशातून, हे डॉक्टरांच्या वेळेपासून चालत आलेलं.

हा सण उद्यावर आला होता. आणि यंदा त्यात एक पेच होता.

गुरुजींचा मुलगा प्रकाश पुण्याला असतो. मागच्या दोन्ही वेळी ब्रॅकेट तुटला तेव्हा नेमका तो सुट्टीला आलेला, आणि दोन्ही वेळी चांगल्या पॅन्टवर गाडी ढकलत घरी आणली. दुसऱ्यांदा त्याने सांगून टाकलं, आता बास. पुण्यातल्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला ठेवायला जुनी मोटार हवी होती. तो बॉनेट उघडून आत झेंडूच्या कुंड्या मांडणार होता. बापलेकांचं बोलणं होऊन ठरलं ते असं, सणाला देवमासा स्वतःच्या बळावर चर्चपर्यंत आला तर राहील, ढकलत आणावा लागला तर पुण्याला जाईल. गुरुजींनी शब्द दिला होता. आणि गुरुजी शब्द मोडत नाहीत, ही त्यातली मोठी अडचण.

मी स्कूटरवर हत्यारांची पेटी घेऊन पोहोचले तेव्हा गुरुजी अंगणात गाडीला पाठ करून उभे होते, नापास मुलाच्या बापासारखे.

"सकाळी बाहेर काढावी म्हटलं, पुसायला," ते म्हणाले. "पेडल दाबलं आणि कट्‌ झालं."

"कुणी दाबलं?" मी सहज विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पाणी द्या."

पाणी घ्यायला स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून आत गेले. ते दार माझ्यामागे असं धाडकन आपटलं की टाच थोडक्यात वाचली.

"काकू, हे दार आहे की सापळा?"

"जपून गं," मार्थाकाकू चुलीपाशी बसून म्हणाल्या. "लई चांगलं हाय ते दार. कोंबडी न्हाई शिरत का मांजर न्हाई शिरत."

कोपऱ्यात उद्यासाठी काढून ठेवलेला लाल भोपळा होता, पाटावर बसवलेला, घागरीएवढा. मी त्याच्याकडे बघितलं. काकूंनी मी बघितलेलं बघितलं.

"उद्या लिलावात मिळंल. आधी न्हाई."

मी गाडीखाली गेले.

ज्यांना गाडीच्या पोटातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंजिन सारखं फिरत असतं, चाकाला मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. दोघांची गाठ बांधणं आणि सोडणं हे क्लचचं काम. पेडल दाबलं की गाठ सुटते. आताच्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तार असते किंवा तेलाची नळी. देवमाशात सगळ्या लोखंडी दांड्या. पेडल एका दांडीला ओढतं, दांडी एका आडव्या नळीला फिरवते, नळी दुसऱ्या दांडीला ढकलते. ती आडवी नळी दोन गोळ्यांवर टेकलेली असते. एक गोळा इंजिनला, दुसरा चेसिसला. चेसिसकडचा गोळा तळहाताएवढ्या ब्रॅकेटवर बसवलेला असतो. तो ब्रॅकेट तुटला की नळी लोंबकळते आणि पेडल दाबलं काय, न दाबलं काय, सारखंच.

पहिल्यांदा तो तडकला तेव्हा मी तड भरून दिली होती. दुसऱ्यांदा तड भरून वर आधाराची पट्टी मारली. आता बॅटरीच्या उजेडात बघितलं तर माझं वेल्डिंग जसंच्या तसं होतं आणि त्याच्या शेजारचं लोखंड फाटलं होतं. वेल्डरला यात फार समाधान असतं. गिऱ्हाईकाला ते पटवून देता येत नाही.

पण या वेळी मी तुकडा हातात घेऊन नीट बघितला. पेडल ओढतं मागेपुढे. ब्रॅकेट तुटायचाच तर त्या दिशेने तुटायला हवा. हा फाटला होता आडवा, कोणीतरी कान पिरगाळावा तसा. म्हणजे पेडल सरळ दाबलं जात नव्हतं. मी वर येऊन पेडलचं रबर बघितलं. डावी कड पार झिजलेली, उजवी कोरी करकरीत.

"गुरुजी, क्लच कसा दाबता तुम्ही?"

"कसा म्हणजे? पायाने."

हे उत्तर मी चौथीत दिलं असतं तर छडी बसली असती. ते नंतर बघायचं ठरवलं. नवा ब्रॅकेट करणं आधी गरजेचं होतं.

दुकानात भंगारात एका ट्रॉलीची जाड पट्टी होती. बरेच जण अशा ठिकाणी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वापरतात, कारण पाटा म्हणजे कडक आणि कडक म्हणजे पक्कं. पण पाट्याला वेल्डिंग केलं की तो शेजारी ठिसूळ होतो. इथे थोडं सोसणारं लोखंड हवं. पट्टी कापली, तापवून शिकंज्यात वाकवली, भोकं पाडली, जुन्या ब्रॅकेटचा गोळा सोडवून नव्यावर बसवला, कोपऱ्यात तिरका आधार दिला. दिसायला देखणा झाला. बिनकामाचं कौतुक मी करत नाही, पण तो मी दोनदा फिरवून बघितला.

परत जाऊन ब्रॅकेट बसवला, गोळ्यांना ग्रीस भरलं आणि गाडीखालूनच ओरडले, "गुरुजी, आत बसा आणि क्लच दाबा. मी खालून बघते."

वर कुजबुज झाली. दार उघडलं. मग दुसरं दार उघडलं.

"हं, दाब!" गुरुजींचा आवाज.

नळी फिरली, पण आधी सगळं पेडल उजवीकडे हिसकलं आणि मग खाली गेलं. माझा देखणा ब्रॅकेट कुरकुरला.

मी आवाज न करता खालून सरकत बाहेर आले आणि खिडकीतून डोकावले. गुरुजी स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, दोन्ही गुडघे जोडून. त्यांच्या डाव्या हाताला मार्थाकाकू, पाठीला उशी लावून, पदर खोचून, उजवा पाय तिरका लांब करून क्लचवर उभ्याच राहिल्यासारख्या.

आमची तिघांची नजर एकमेकांना भिडली.

"सोड," गुरुजी हळूच म्हणाले. काकूंनी पाय काढला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की दोन वर्सं," काकू म्हणाल्या. "ह्यांचा डावा गुडघा गेला. पेडल लई जड. एकदा बाजारात गाडी थांबवता येईना, तवा मीच दिला पाय. मंग तसंच चाललं."

"आणि गियर?"

"गियर मी टाकतो," गुरुजी जरा दुखावून म्हणाले. "स्टिअरिंग, ब्रेक, अॅक्सिलेटर, सगळं माझ्याकडे आहे. तिच्याकडे फक्त क्लच."

"फक्त क्लच म्हनं!" काकू उसळल्या. "चढावर कोन धरून बसतं गं मिनटं मिनटं? पोटऱ्या बघ माझ्या!"

मी हसायला नको होतं, पण हसले. मग काकूही हसल्या. गुरुजी नाही हसले.

"प्रकाशला सांगू नकोस," ते म्हणाले. "त्याला वाटतं मी अजून पूर्वीसारखी चालवतो. हे कळलं तर तो उद्याची वाटसुद्धा बघणार नाही. मग आम्ही दोघं आणि या चार भिंती."

"नाही सांगत. पण अर्धा ड्रायव्हर इकडे आणि अर्धा तिकडे, अशी गाडी मी रस्त्यावर जाऊ देणार नाही. उतरा दोघं."

मी स्वतः बसून पेडल दाबलं. खरंच जड होतं. माझा पाय दुकानातला, तरी मांडी भरून आली. आता मला प्रश्न पडला. जुन्या काळी हीच गाडी डॉक्टरांची मडम चालवायची, असं गुरुजीच सांगत. ती काय पैलवान होती? परत खाली गेले. पेडलच्या दांड्याला एक भोक होतं, घासून लांबट झालेलं. त्याच्यासमोर चेसिसला एक हूक होता, रिकामा. मधे काहीतरी ताणलेलं असणार, जे आता नव्हतं.

"गुरुजी, इथे एक मोठी स्प्रिंग होती का?"

"होती. मागे नगरच्या एका मिस्त्रीने क्लच प्लेट बदलली तेव्हा काढून हातात दिली. म्हणाला ही फालतू आहे, हिच्याविना चालतं."

फालतू! पेडल थोडं खाली गेलं की उरलेलं काम ती स्प्रिंग ओढून करते. ती काढली म्हणून पेडल जड झालं, पेडल जड म्हणून गुडघा बोलायला लागला, गुडघ्यामुळे काकूंचा पाय आला, तो तिरका आला म्हणून ब्रॅकेट पिरगळला, आणि त्याबद्दल मी दोनदा लोखंडाला दोष दिला.

"कुठे आहे ती?"

गुरुजींनी काकूंकडे बघितलं. काकूंनी आभाळाकडे बघितलं. तेवढ्यात वारा आला आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं.

"न्हाई हं," काकू म्हणाल्या. "ती न्हाई द्यायची. कोंबड्या घरात येत्यात."

"काकू, कोंबड्या हव्यात की देवमासा?"

काकूंनी हे ठरवायला माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतला, पण शेवटी स्प्रिंग दारावरून निघाली.

ती स्प्रिंग दोन हातांनी ताणून अडकवता येत नाही. त्याची एक युक्ती आहे. स्प्रिंग वाकवायची आणि उघडलेल्या वेटोळ्यांत वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, भरत जायचं. मग ती ताणलेलीच राहते. दोन्ही टोकं हुकात अडकवायची आणि पेडल दाबून एकेक वायसर काढून घ्यायचा. हे झालं आणि मी गुरुजींना बसवलं. त्यांनी भीत भीत डावा पाय टेकवला. पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं.

"अरे!" गुरुजी म्हणाले. त्यांनी परत दाबलं. परत. चार-पाच वेळा दाबलं. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

काकू दारात उभ्या होत्या. "म्हंजे आता मी नुसतंच बसायचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दार आपटलं नाही. ते उघडंच राहिलं.

मला वाटलं, काम झालं. घरासमोरच्या मैदानात एक चक्कर मारू म्हणून गुरुजींच्या शेजारी बसले. गाडी निघाली छान. वेग आला, दुसरा गियर टाकायची वेळ झाली, गुरुजींनी दांडीला हात घातला आणि म्हणाले, "दाब!"

कोण दाबणार? त्यांचा पाय जमिनीवर शांत बसलेला. गियरबॉक्स असा किंचाळला की लिंबावरचे कावळे उडाले. गाडी गचके खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा "दाब!", पुन्हा तेच. दोन वर्षांत तो पाय निवृत्त झाला होता. त्याला पेन्शनीतून परत बोलवायला तोंडाची आज्ञा पुरत नव्हती. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. "सुनंदे, उद्याच आहे गं," ते म्हणाले. त्यांनी मला इतक्या हळू आवाजात कधी काही सांगितलं नव्हतं.

आणि ब्रॅकेट, स्प्रिंग, ग्रीस यांतलं काहीही त्यावर उपयोगाचं नव्हतं. मी लोखंडाची बाई. पायाला काय वेल्डिंग करणार?

तिसऱ्यांदा गाडी निघाली. इंजिनचा आवाज चढला. मी दात आवळून गियरबॉक्सची वाट बघत होते, तेवढ्यात ओट्यावरून काकूंची आरोळी आली, "आता दाबा की वो!"

गुरुजींचा पाय आपोआप गेला. गियर लोण्यासारखा पडला.

"सोडा हळू!"

सोडला.

आम्ही मैदानाच्या टोकाला थांबलो. "बघितलंस?" गुरुजी थक्क होऊन म्हणाले. "मी नाही दाबला. तो गेला."

चाळीसेक वर्षांच्या संसारात या घरात आज्ञा गुरुजी देतात अशी माझी समजूत होती. त्यांना पाळायची केवढी सवय आहे ते मला त्या मैदानात कळलं. मी उतरले आणि काकूंना पुढे बसवलं. दोन वर्षं पाय देऊन त्यांना इंजिनचा आवाज पाठ झाला होता. कधी दाबायचं, कधी अर्ध्यावर धरायचं, हे त्यांना माझ्याइतकं कळत होतं. दुपारभर देवमासा मैदानात फिरत राहिला आणि त्याच्या पोटातून "दाबा", "धरा", "सोडा हळू, हळू म्हनलं ना!" असे आवाज येत राहिले. संध्याकाळी ब्रॅकेट परत तपासला. केसाएवढाही हलला नव्हता. गुरुजींना म्हटलं, नाताळपर्यंत रोज मैदानात सराव, आणि पाय आपणहून चालायला लागेपर्यंत मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, उद्या चर्चलाही आतल्या वाटेनेच. "लिहून घ्या," असंही म्हणून घेतलं. इतक्या वर्षांनी संधी आली होती, कोण सोडतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांगली साडी नेसून वाडीवर गेले. मागच्या बाकावर बाजरीची कणसं, अंड्यांची टोपली, तुरीच्या पेंढ्या आणि भोपळा. उरलेल्या जागेत मी, मांडीवर पाय बांधलेला कोंबडा. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्याच्या गाडीत गप्प बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. ढकलायची वेळ आली असती तर वाडीत धडधाकट माणसंही नव्हती, बहुतेक तोडीला गेलेली.

चर्चपुढच्या चढाच्या पायथ्याशी एक शेळी आडवी आली. "दाबा!" काकू ओरडल्या. गाडी थांबली, बंद पडली नाही. शेळीने सावकाश रस्ता ओलांडला. "धरा... धरा... आता सोडा, हळूऽऽ!" देवमासा थरथरला, जरासा मागे आला, माझ्या मांडीवरचा कोंबडा ओरडला, आणि मग सगळा चढ एका दमात चढून गाडी फाटकात जाऊन उभी राहिली.

फाटकाशी प्रकाश होता, आदल्या रात्रीच्या गाडीने येऊन मावशीकडे उतरलेला. जुनी पॅन्ट घालून आला होता, म्हणजे त्याची तयारी पक्की होती. त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि टायरला लाथ मारून बघितली. गाडीतलं काही कळत नसलं की सगळे तसंच करतात.

"आली की हो खरंच," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण बाबा, आई एवढी ओरडत का होती?"

गुरुजी सावकाश उतरले. कोट झटकला. "सणाचा दिवस आहे. स्तुती करत होती."

"मोठ्यानं केली तरच पोचती," काकू म्हणाल्या.

प्रकाशने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातात कोंबडा दिला.

प्रकाश कोंबडा सावरत, गाडी मिळणार नाही हे सांगायला हॉटेलवाल्याला फोन लावू लागला आणि गुरुजी-काकू आत गेले. मी कोणाची तरी स्कूटर मागून घेतली आणि वाडीवर परत आले. स्वयंपाकघरात कोंबड्या शिरल्याच होत्या, एक तर पाटावर भोपळ्याच्या जागी बसली होती. त्यांना हाकललं. पर्समधून स्कूटरच्या स्टँडची जुनी स्प्रिंग काढली, दाराला लावली, दोनदा उघडबंद करून बघितलं. दार हळू लागत होतं, पण लागत होतं.

मग लिलाव सुरू व्हायच्या आत चर्चला पोहोचले. भोपळा मला हवा होता.